नावासमोरचा ठिपका

बेळगावच्या रविवार पेठेत बाबांची गुळाची आणि मिरचीची अडत होती. दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. पुढे गादी, मागे गुळाच्या रव्यांची थप्पी, आणि बाबांच्या उजव्या हाताला लाल कापडी बांधणीच्या वह्या. शाळा सुटली की मी तिथंच जायचो. संकेश्वरी मिरचीच्या खाटानं डोळ्यांतून पाणी यायचं, तरी जायचो, कारण तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची गोळाबेरीज, जुळवताना बाबा मला आकडे मोठ्यानं वाचायला लावत आणि ते काम मला फार मानाचं वाटे.

उधारीच्या वहीत काही नावांसमोर शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका असायचा. रक्कम शाईनं लिहिलेली, ठिपका मात्र पेन्सिलीचा. एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, "त्यांच्याकडनं काय येत नाही बघ."

"मग खोडून टाका की."

"खोडायचं कशाला? देणं हाय ते हाय. आपण धरून चालायचं नाही, एवढंच."

ताळेबंदात ती रक्कम पूर्ण यायची. पण ताईच्या लग्नाचा खर्च ठरवताना बाबांनी वही उघडून ठिपक्यांची बेरीज केली, ती एकूण येण्यातून वजा केली आणि मग मांडववाल्याला होकार दिला. वहीतला आकडा वेगळा आणि बाबांच्या मनातला वेगळा. घर चालायचं ते मनातल्या आकड्यावर.

हे सगळं पुन्हा आठवलं ते २०१६ साली. तेव्हा मी उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कंपनीत हिशेब बघत होतो. कारखाना लहानच, दोन भट्ट्या, एक मशीनशॉप. पण तिची मालक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, आणि कायदा म्हणत होता की मोठ्या कंपनीला नवी लेखा मानकं, म्हणजे हिशेब मांडायचे नियम, लागू झाली की तिच्या उपकंपन्यांनाही ती लागू. त्यामुळे लंडनमध्ये ठरलेले नियम आमच्या भट्टीशेजारच्या पत्र्याच्या ऑफिसात येऊन पोचले.

ही मानकं आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. देशोदेशी हिशेबाच्या रीती निराळ्या असल्यानं एका देशातला नफा दुसऱ्या देशात तोटा ठरू शकतो, म्हणून १९७३ साली काही देशांच्या लेखापाल संस्थांनी लंडनमध्ये एक समिती नेमली. २००१ मध्ये तिच्या जागी आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळ आलं. २००५ पासून युरोपीय संघानं आपल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ही मानकं सक्तीची केली आणि मग वारं फिरलं. आज १४० हून अधिक देश-प्रदेशांत ती लागू आहेत. अमेरिकेनं मात्र आपल्या देशी कंपन्यांसाठी स्वतःचीच पद्धत ठेवली आहे. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेनं २००७ मध्ये या दिशेनं जायचं ठरवलं, १ एप्रिल २०११ ही तारीखही जाहीर झाली. तो मुहूर्त टळला. शेवटी फेब्रुवारी २०१५ मध्ये नियम निघाले. ५०० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या उरलेल्या कंपन्या व २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थच्या, बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून. आमचा नंबर दुसऱ्या टप्प्यात होता. पण तुलनेसाठी आदल्या वर्षाचेही आकडे नव्या पद्धतीनं लागतात, म्हणून खरी सुरुवात १ एप्रिल २०१६ च्या सुरुवातीच्या ताळेबंदानं झाली.

आमच्या घरात अशी बदलाची तारीख पहिल्यांदा आली नव्हती. आजोबांच्या जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत आणि त्यांत चार आण्यांना एक उभी रेघ, आठ आण्यांना दोन. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि सगळ्यांची उधारी शंभराच्या हिशेबात बदलून घ्यावी लागली. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होते, पण एका आण्याचे सव्वासहा, मग सरकारी तक्त्यात एकाचे ६, दोनाचे १२, तिनाचे १९. आजोबांनी तो तक्ता वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता, अजून आहे. त्याच्या पाच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं. म्हणजे सहा महिन्यांच्या आत राज्य बदललं, नाणं बदललं, आणि पुढे यथावकाश जमिनीचा उतारा कन्नडमध्ये यायला लागला. आमच्या आईच्या माहेरच्या शेताचा उतारा आजही मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतो. अंक कळतात, नाव ओळखू येतं, पण शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला वाचता न येणं काय असतं, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग दिवाळीचं वर्ष गेलं. पेठेतली वर्षं पाडव्याला सुरू व्हायची. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवानं स्वस्तिक, वर 'श्री'. प्राप्तिकर कायद्यानं सगळ्यांना ३१ मार्चची अखेर सक्तीची केली तेव्हा दिवाळीला वर्ष संपवणाऱ्यांचं ते एक वर्ष लांबलं. आमचं १९८७ च्या पाडव्याला सुरू झालेलं वर्ष ३१ मार्च १९८९ ला संपलं, सतरा महिन्यांचं. बाबा त्या दिवसांत फार गप्प असायचे. १९८८ च्या दिवाळीला पूजा झाली, वही नवी आणली, पण तिच्यात लिहायला काही नव्हतं. जुन्याच वहीत पुढं लिहायचं होतं. ती कोरी वही त्यांनी तशीच देव्हाऱ्यात ठेवली.

आजोबा स्वतःसाठी लिहीत होते. बाबा स्वतःसाठी आणि इन्कमटॅक्ससाठी. आणि २०१६ साली मी लिहायला बसलो ते कधी उद्यमबागेत पाऊल न ठेवणाऱ्या गुंतवणूकदारासाठी. नव्या मानकांच्या मुळाशी असलेल्या चौकटीत हे सरळ लिहिलेलंच आहे: हिशेबाचे मुख्य वाचक म्हणजे आजचे आणि उद्याचे गुंतवणूकदार, कर्ज देणारे आणि इतर धनको. वाचक ठरला की मजकूर बदलतो, पत्राचं असतं तसंच.

पहिले चार महिने मी रात्री उशिरापर्यंत बसायचो. सगळ्यांत आधी अडलो ते मालक कंपनीनं आम्हाला दिलेल्या बिनव्याजी कर्जापाशी. जुन्या पद्धतीत एक लाख घेतले तर एक लाख देणं, विषय संपला. नवं मानक म्हणतं, पाच वर्षांनी फेडायचे एक लाख आजचे एक लाख नसतात. बाजारात दहा टक्के व्याज असेल तर त्यांची आजची किंमत सुमारे ६२,०००. मग उरलेले ३८,००० काय? ते कर्ज नाहीच, मालकानं मालक म्हणून केलेली मदत आहे, ती भांडवलात दाखवा.

त्या रात्री घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. तेव्हा दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोकं तल्लख होतं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आत्यानं घर बांधायला मला दिलेले, व्याज न घेता. सात वर्षांनी फेडले." आणि थोडं थांबून, "त्यातलं तिचं किती होतं ते आता काढता येतंय म्हण की."

आम्ही दोघांनी बसून काढलं. बारा टक्क्यांनी सात वर्षं. शंभरातले पंचेचाळीस कर्जाचे, उरलेले पंचावन्न आत्याचे. बाबा त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. एरवी कोरडं म्हणतात ते हिशेबाचं शास्त्र माझ्या घरात एवढ्या जवळ कधी आलं नव्हतं. हातउसने दिलेल्या पैशात किती कर्ज आणि किती माया, हे वेगळं करून दाखवणाऱ्या नियमाबद्दल त्या दिवसापासून माझ्या मनात आदर आहे.

मालमत्तेच्या किमतीबद्दल मात्र मी सावध आहे. आज विकलं तर काय मिळेल ती वाजवी किंमत, हा नव्या मानकांचा आवडता विचार. उभ्या पिकालाही तो लागू आहे. शेतात उभा असलेला ऊस, विक्रीचा खर्च वजा जाता आज किती किमतीचा, ते कंपनीनं पुस्तकात दाखवायचं. यापूर्वी आपल्याकडे शेतीसाठी वेगळं लेखा मानकच नव्हतं. बाबांना यात नवल वाटलं नाही. गुऱ्हाळाला उचल देण्याआधी ते बांधावरून एक फेरी मारत, दोन-चार कांड्या मोडून बघत आणि किती रवे पडतील ते सांगत. उभ्या उसाची किंमत त्यांना येत होती. ती कुठं लिहायची नाही, एवढाच त्यांचा नियम.

जागेचं तसं नाही. आपल्याकडे गुंठ्याला दोन भाव असतात, एक रजिस्ट्रारच्या कागदावरचा आणि एक चहाच्या टपरीवर बोलला जाणारा, आणि त्यांत किती अंतर असतं ते अनगोळ-वडगावच्या कुणालाही माहीत आहे. तिथं वाजवी किंमत कुठली धरायची? म्हणूनच भारतानं मानकं जशीच्या तशी उचलली नाहीत, आपल्यापुरती कुठं कुठं वळवून घेतली, हे मला पटतं. भाड्यानं द्यायला किंवा भाव वाढेल म्हणून घेतलेली जागा आंतरराष्ट्रीय मानकात दरवर्षी बाजारभावानं दाखवण्याची मुभा आहे आणि वाढलेला भाव नफ्यात जातो. भारतीय मानकात ती मुभा नाही. पुस्तकात खरेदीचीच किंमत ठेवायची, बाजारभाव खाली टिपेत सांगायचा. न विकलेल्या प्लॉटचा नफा दाखवून लाभांश वाटण्याचा मोह इथं कितीजणांना आवरला असता, याची मला शंका आहे.

आणि मग आली येणी. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

जुन्या पद्धतीत बुडीत रकमेची तरतूद करायला, म्हणजे तो तोटा पुस्तकात धरायला, बुडाल्याची खूण दिसावी लागे. गिऱ्हाईक कोर्टात गेलं, चेक परत आला, कारखान्याला कुलूप लागलं, म्हणजे मग. २००८ च्या जागतिक संकटात बँकांचं हेच झालं. कर्जं सडत होती आणि ताळेबंद ठणठणीत दिसत होते. खूण दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या धड्यातून जुलै २०१४ मध्ये नवं मानक आलं: तोटा होण्याची वाट बघू नका, अपेक्षित तोटा आजच धरा. कर्ज दिलं त्याच दिवशी थोडा, धोका वाढला की पूर्ण मुदतीचा. जगभर ते सक्तीचं झालं जानेवारी २०१८ पासून. मोठ्या भारतीय कंपन्यांना ते इंड-एएस १०९ या भारतीय मानकाच्या नावानं १ एप्रिल २०१६ पासूनच लागू झालं. आपण युरोपच्या जवळपास दोन वर्षं पुढे होतो.

आमच्या कंपनीत मी तीन वर्षांची वसुली काढून तक्ता केला. तीस दिवसांच्या आतलं किती टक्के येतं, नव्वद दिवसांवरचं किती, वर्षावरचं किती. मग वसुलीला जाणाऱ्या काकांना दाखवला. ते मोटारपंप आणि ट्रॅक्टरच्या भागांच्या गिऱ्हाइकांकडे तीस वर्षं फिरत होते. त्यांनी टक्केवारीकडे बघितलंच नाही, यादीतल्या नावांवर बोट ठेवत गेले. "हा उशिरा देतो, पण देतो. याचा मुलगा आता धंदा बघतो, त्याच्यावर भरवसा नाही. याचं साठ दिवसांचंच आहे, पण जाणार." तक्त्यात तो साठ दिवसांवाला सुरक्षित होता. मानक म्हणतं की मागच्या अनुभवाला पुढच्या माहितीची जोड द्या, म्हणून मी काकांची माहिती लिहून काढली, कारणं लिहिली, आणि तरतूद वाढवली. वरिष्ठांना ते आवडलं नाही. इतकी वर्षं न दाखवलेला तोटा सुरुवातीच्या ताळेबंदातच राखीव निधीतून वजा होणार होता. बरीच बोलणी झाली. शेवटी आकडा थोडा खाली आला, पण राहिला.

काकांची ती यादी टाइप करताना मला कळलं की मी बाबांचे ठिपके शाईनं लिहितोय.

नव्या मानकांबद्दल खूप तक्रारी ऐकल्या आहेत. खर्चिक आहेत, अंदाजांवर उभी आहेत, अंदाज वाकवता येतो. तिन्ही खरं आहे. पण पेन्सिलीचा ठिपका फक्त मालकाला दिसतो. वहीत विश्वासानं पैसे ठेवलेल्या दुसऱ्या कुणाला तो दिसत नाही. अंदाज वाकवला असेल तर निदान तो लिहिलेला असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतो.

२०१८ च्या पावसाळ्यात बाबा गेले. दुकानाची जागा सोडताना आलेले पैसे आईनं घराजवळच्या एका पतसंस्थेत ठेवले. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, मराठीत बोलणारी माणसं, पासबुक मराठीत, आणि चेअरमन बाबांना ओळखणारे. आईला आणखी काय हवं? दर सहा महिन्यांनी ती स्वतः जाऊन व्याज आणायची. मग एकदा "पुढच्या आठवड्यात या" झालं. मग पुढच्या महिन्यात. मग शटर अर्धं उघडं राहू लागलं.

तेव्हा मी कपाटातून त्या संस्थेचे मागच्या पाच वर्षांचे अहवाल काढले. सभासद म्हणून ते दरवर्षी घरी येत होते, गुळगुळीत कागदावर, वर लक्ष्मीचं चित्र. दरवर्षी नफा, दरवर्षी लाभांश. आणि ताळेबंदात 'येणे व्याज' नावाची एक ओळ, जी दरवर्षी फुगत होती. कर्जाचा आकडा जवळपास तोच, येणं व्याज मात्र वाढत चाललेलं. म्हणजे व्याज मिळत नव्हतं, फक्त लिहिलं जात होतं, आणि त्या लिहिलेल्या व्याजालाच नफा म्हणून लाभांश वाटला जात होता. हे बघायला दहा मिनिटं लागली. मी हिशेबाचं शिक्षण घेतलेला मुलगा, त्याच वर्षांत एका कारखान्याच्या येण्यांवर रात्री जागवत होतो, आणि घरातला अहवाल मी एकदाही उघडला नव्हता. ही बोच जात नाही.

तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. कुठली कर्जं येणार नाहीत ते वसुलीच्या माणसाला माहीत असणार, मॅनेजरला माहीत असणार. ठिपके होतेच. ते ठेवीदाराला दाखवायला कुठलाही नियम त्यांना भाग पाडत नव्हता.

अपेक्षित तोट्याचं मानक जन्मलं बँकांमुळे. आपल्याकडे कास्टिंगच्या कारखान्याला ते लागू झालं, २०१८ पासून मोठ्या बिगरबँक वित्त कंपन्यांना झालं, आणि बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०१९ मध्ये नवी मानकं पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकली, कारण कायद्यातले बदल व्हायचे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यापारी बँकांसाठी १ एप्रिल २०२७ पासून अपेक्षित तोट्याची पद्धत आणण्याचा प्रस्ताव तिनं मांडला. पतसंस्था या सगळ्याच्या बाहेर. त्या कंपन्या नाहीत, म्हणून कंपनी कायद्याची मानकं नाहीत. त्या बँका नाहीत, म्हणून ठेवींना पाच लाखांचं विमासंरक्षणही नाही. ते सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आमच्या आईला हा फरक माहीत नव्हता. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी' असतं.

लहान पतसंस्थेवर अख्खी मानकं लादा असं मी म्हणत नाही. दोन कारकुनांच्या संस्थेला ते झेपणार नाही आणि तपासायला माणसंही नाहीत. मला त्या हजारभर पानांतली एकच गोष्ट खाली आलेली हवी आहे. जे येणार नाही असं तुम्हाला आज वाटतं, ते आज लिहा. आणि ज्याचे पैसे आहेत त्याला वाचता येईल असं लिहा. उगारला, खानापूरला, निपाणीला, बैलहोंगलला माणसं आपल्या आयुष्याची शिल्लक या संस्थांत ठेवतात. परदेशी गुंतवणूकदारासाठी आपण इतकी वर्षं खपून एक भाषा शिकलो. या माणसांना त्या भाषेतलं एक वाक्य मिळायला हरकत काय?

आईच्या पावत्या देव्हाऱ्यात आहेत, त्या कोऱ्या वहीखाली. थोडे पैसे आले, बरेच यायचेत. ती आता विचारत नाही, पण महिन्यातून एकदा त्या गल्लीतून चक्कर मारून येते.

मी अजून एका संस्थेचा सभासद आहे. तिची सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असते. आजवर सभेला जाऊन चहा-चिवडा घेऊन, हात वर करून परत येत होतो. या वेळी एक प्रश्न लेखी देणार आहे, सभेच्या आधी, म्हणजे इतिवृत्तात येईल: आपल्या एकूण कर्जांपैकी किती परत येणार नाहीत असं संचालक मंडळाला आज वाटतं, आणि मागच्या तीन वर्षांत न मिळालेलं किती व्याज नफ्यात धरलं? मराठीत लिहून झाला. निम्मे सभासद कन्नड वाचणारे आहेत, म्हणून शेजारच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, कन्नडमध्ये उतरवून दिला आणि तोच प्रश्न मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात 'लेक्का', म्हणजे हिशेब, हा शब्द ऐकू आला. बाबांच्या गादीपुढे सौंदत्ती-बैलहोंगलचे शेतकरी बसायचे, विकलेल्या मालाची पट्टी हातात घेऊन विचारायचे, "लेक्का सरी ऐत्री, सावकारे?", हिशेब बरोबर आहे ना, आणि बाबा वही त्यांच्याकडे फिरवून ठेवायचे.